तीनशे वर्षांचा एक ठराव

ब्रिटनच्या संसदेकडे जगाने नेहमीच आदराने पाहिले आहे. प्रश्नोत्तरांचा तास, अध्यक्षांचे निःपक्षपाती आसन, विरोधी पक्षाचा मान या गोष्टी आपल्या देशानेही तिच्याकडूनच घेतल्या. परंतु ज्या घराचा आदर्श घ्यावयाचा, त्या घराच्या भिंतींना कोठे ओल लागली होती हेही पाहून ठेवणे शहाणपणाचे असते. लोकप्रतिनिधीचा शब्द पैशाने विकत घेण्याचा व्यवहार ब्रिटनमध्ये कसा चालला, तो कसा उघडकीस आला आणि त्याला आळा घालण्याचे प्रयत्न कितपत टिकले, याचा आढावा आम्ही या लेखात घेणार आहोत.

अध्यक्षच आरोपी

१२ मार्च १६९५ रोजी लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. सभागृहाचे अध्यक्ष सर जॉन ट्रेव्हर यांनी लंडन शहराच्या महापालिकेकडून एक हजार गिनी स्वीकारल्या होत्या. अनाथांच्या ठेवींसंबंधीचे एक विधेयक संमत व्हावे म्हणून ही रक्कम देण्यात आली होती. चौकशी समितीने हे उघड केल्यावर अध्यक्षांच्या दोषाचा ठराव सभागृहापुढे आला. मात्र ठराव मताला टाकण्याचे काम अध्यक्षांचेच असल्याने, स्वतःच्या अपराधाचा ठराव ट्रेव्हर यांना स्वमुखाने मांडावा लागला आणि तो संमत झाल्याचेही त्यांनाच जाहीर करावे लागले. त्यानंतर प्रकृतीचे कारण सांगून ते सभागृहात फिरकले नाहीत. काही दिवसांतच त्यांची हकालपट्टी झाली. तथापि 'मास्टर ऑफ द रोल्स' हे न्यायखात्यातील मोठे पद त्यांच्याकडे १७१७ साली मृत्यू येईपर्यंत कायम राहिले!

त्याच वर्षी दुसरे प्रकरण बाहेर आले, आणि त्याचा धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. मुंबई बेट १६६८ पासून ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होते, तिला व्यापाराच्या सनदेचे नूतनीकरण हवे होते. १६९३ मध्ये ती सनद मिळाली. परंतु त्यासाठी कंपनीच्या तिजोरीतून हजारो पौंड 'विशेष सेवां'च्या नावाखाली वाटले गेले होते. कंपनीचे गव्हर्नर सर थॉमस कुक स्वतः खासदार होते. पैसे कोणाला दिले हे सांगण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. राजाच्या मंत्रिमंडळातील मातब्बर सरदार ड्यूक ऑफ लीड्स यांच्यावर लाचेबद्दल महाभियोग मांडण्यात आला. पण मुख्य साक्षीदार असलेला त्यांचा नोकर परदेशी पळाला आणि खटला तसाच विरून गेला.

या दोन प्रकरणांच्या पार्श्वभूमीवर २ मे १६९५ रोजी कॉमन्सने एक ठराव केला. संसदेतील कोणतेही काम पुढे रेटण्यासाठी खासदाराला पैसा देऊ करणे हा गंभीर गुन्हा होय, असा त्याचा आशय होता. शब्द स्पष्ट होते आणि पळवाट दिसत नव्हती. मात्र पुढची तीन शतके या ठरावाला वळसा घालण्यातच खर्ची पडली.

विनंती आणि खरेदी

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या प्रतिनिधीकडे जाऊन गाऱ्हाणे मांडणे, त्याचे मत वळविण्याचा प्रयत्न करणे, यात काहीच गैर नाही. संसद भवनातील ज्या दालनात नागरिक खासदारांना गाठत, त्या 'लॉबी'वरूनच 'लॉबिंग' हा शब्द रूढ झाला. १७९२ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज ब्रिटिश संसदेकडे आले. कारागीर, दुकानदार आणि विविध पंथांचे भाविक यांनी त्यांवर सह्या केल्या होत्या. ही लॉबीच होती. पण तिच्या हातात थैली नव्हती, केवळ युक्तिवाद होता.

याउलट चित्र त्याच काळात मद्रासकडे दिसते. अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या नोकरांकडून भारी व्याजाने कर्जे घेतली होती. ती वसूल व्हावीत म्हणून पॉल बेनफिल्डसारखे सावकार इंग्लंडला परतून स्वतः संसदेत शिरले. आयरिश कॅथलिक मातेच्या पोटी जन्मलेले एडमंड बर्क यांनी २८ फेब्रुवारी १७८५ रोजी या व्यवहारावर घणाघाती भाषण केले. व्याजाचा बोजा अखेरीस कर्नाटकच्या गरीब रयतेवर पडतो, हे त्यांच्या संतापाचे मूळ होते. तरीही मतदान बर्क यांच्या विरोधात गेले.

विसाव्या शतकात व्यवहाराचे स्वरूप पालटले. लॉईड जॉर्ज यांच्या कारकिर्दीत सरदारक्या आणि पदव्या पक्षनिधीच्या बदल्यात मिळतात, हे गुपित राहिले नव्हते. फसवणुकीबद्दल न्यायालयाने दोषी धरलेल्या दक्षिण आफ्रिकेतील एका खाणमालकाचे नाव १९२२ च्या यादीत झळकले, तेव्हा गदारोळ माजला आणि १९२५ साली पदव्यांच्या विक्रीविरुद्ध कायदा झाला. त्याखाली शिक्षा झाली ती केवळ माँडी ग्रेगरी या दलालाला, १९३३ मध्ये: दोन महिने कैद आणि पन्नास पौंड दंड. ज्यांच्या पक्षांच्या तिजोऱ्या भरल्या, ते मोठे लोक न्यायालयाची पायरी चढलेच नाहीत.

स्वतंत्र भारताने या बाबतीत लवकर कणखरपणा दाखविला, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. बॉम्बे बुलियन असोसिएशन या मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संस्थेशी आर्थिक संधान बांधून तिच्या वतीने संसदेत काम केल्याबद्दल एच. जी. मुद्गल या सदस्याची १९५१ मध्ये चौकशी झाली. हकालपट्टीचा ठराव संमत होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. तरी ते हकालपट्टीस पात्र होते, असे सभागृहाने नोंदवून ठेवले. पुढे २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदारांना आपल्या संसदेने घरी पाठविले. लंडनमध्ये मात्र याच काळात मूळ ठराव शिथिल होत चालला होता.

प्रश्नाची किंमत

याचे एक कारण जुन्या रीतीत होते. १९११ पर्यंत ब्रिटिश खासदाराला वेतनच नव्हते. स्वतःच्या मिळकतीवर जगणाऱ्या सद्गृहस्थाने राष्ट्रसेवा करावी, अशी कल्पना होती. वेतन सुरू झाले तरी बाहेरचे उत्पन्न ही मान्य गोष्ट राहिली. हितसंबंधांची नोंदवही १९७५ पासून सुरू झाली, आणि नोंद केली की सारे क्षम्य, अशी समजूत हळूहळू रुजली. लाच हा शब्द मागे पडून 'सल्लागारी' हा सभ्य शब्द पुढे आला. १९९५ सालच्या अधिकृत पाहणीत १६८ खासदारांकडे मिळून अशा ३५६ सल्लागाऱ्या आढळल्या.

जुलै १९९४ मध्ये 'संडे टाइम्स'च्या बातमीदाराने व्यापारी असल्याची बतावणी करून वीस खासदारांना एका प्रश्नामागे एक हजार पौंड देऊ केले. हुजूर पक्षाचे दोघे गळाला लागले. सामान्य वाचकाला वाटेल, नुसत्या प्रश्नाला एवढी किंमत कशासाठी? परंतु संसदेत विचारलेल्या प्रश्नाला मंत्र्याला उत्तर देणे भाग असते, खात्याला फाईल उघडावी लागते, आणि छापील उत्तर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वापरता येते.

२० ऑक्टोबर १९९४ रोजी 'गार्डियन'ने त्याहून मोठा स्फोट केला. 'हॅरॉड्स' या प्रसिद्ध दुकानाचे मालक मोहम्मद अल फायेद यांनी इयन ग्रीअर या लॉबीवाल्यामार्फत नील हॅमिल्टन आणि टिम स्मिथ या हुजूर पक्षाच्या खासदारांना प्रश्न विचारण्यासाठी पैसे दिले, असा तो आरोप होता. दोघेही तेव्हा कनिष्ठ मंत्री होते. स्मिथ यांनी त्याच दिवशी मंत्रिपद सोडले. हॅमिल्टन यांनी आरोप सपशेल नाकारले, पण पाच दिवसांनी त्यांनाही जावे लागले. १९९७ च्या चौकशी अहवालात हॅमिल्टन यांनी रोख पैसे घेतल्याचा सबळ पुरावा असल्याचा निष्कर्ष निघाला. त्यांचा इन्कार मात्र कायम राहिला.

नोलन यांची सात तत्त्वे

पंतप्रधान जॉन मेजर यांनी २५ ऑक्टोबर १९९४ रोजी सार्वजनिक जीवनातील आचरणाविषयी समिती नेमली. तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती लॉर्ड नोलन हे श्रद्धावान कॅथलिक होते. बेनेडिक्टाईन संन्याशांच्या अँपलफोर्थ येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले होते. मे १९९५ मध्ये त्यांनी पहिला अहवाल सादर केला आणि सार्वजनिक पदावरील प्रत्येकासाठी सात तत्त्वे सांगितली: निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी मोबदला घेऊन संसदेत वकिली करण्यास कॉमन्सने बंदी घातली. अशा कामाचे उत्पन्न जाहीर करण्याचा ठरावही ३२२ विरुद्ध २७१ मतांनी संमत झाला. सरकारचा त्याला विरोध होता, हे विसरता कामा नये. १६९५ च्या ठरावाला तेव्हा बरोबर तीनशे वर्षे झाली होती.

नोलन यांचे आणखी एक कार्य आम्हांला विशेष मोलाचे वाटते. सन २००० मध्ये इंग्लंड व वेल्सच्या ख्रिस्तसभेत बालकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा महागुरुस्वामी मर्फी-ओकॉनर यांनी चौकशीचे काम त्यांच्यावरच सोपविले. राजकारण्यांना लावलेली उत्तरदायित्वाची कसोटी त्यांनी २००१ च्या अहवालात स्वतःच्या ख्रिस्तसभेलाही लावली. दुसऱ्याचे अंगण झाडणारा माणूस आपले अंगण झाडावयास चुकला नाही.

ठराव पुन्हा पणाला

नियम झाला म्हणजे मोह संपला, असे नसते. २०२१ साली हुजूर पक्षाचे माजी मंत्री ओवेन पॅटरसन दोन कंपन्यांकडून वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक मोबदला घेऊन त्यांच्यासाठी सरकारदरबारी वजन वापरत होते, असा निष्कर्ष संसदीय आचरण आयुक्तांनी काढला. पॅटरसन यांनी दोष मानला नाही. समितीने तीस दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली. त्यावर ३ नोव्हेंबर रोजी सरकारने आपल्या बहुमताच्या बळावर, २५० विरुद्ध २३२ मतांनी, शिक्षा रोखून चौकशीची पद्धतच बदलण्याचा घाट घातला. देशभर इतकी चीड उसळली की दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिला.

या कथेतील अखेरचा शब्द सामान्य मतदारांनी उच्चारला आहे. १९९७ मध्ये टॅटन या हुजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यात हॅमिल्टन यांच्याविरुद्ध मार्टिन बेल हे बीबीसीचे युद्धवार्ताहर अपक्ष उभे राहिले. मजूर पक्षाने व लिबरल डेमोक्रॅट्सनी आपले उमेदवार मागे घेतले आणि बेल अकरा हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. डिसेंबर २०२१ मध्ये पॅटरसन यांच्या नॉर्थ श्रॉपशायर मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तेव्हा सुमारे तेवीस हजारांचे जुने मताधिक्य पुसून मतदारांनी ती जागा विरोधकांना दिली. दोन्ही ठिकाणचे लोक पिढ्यान्पिढ्या एकाच पक्षाला मत देत आले होते. आपला प्रतिनिधी दोन धन्यांची चाकरी करीत आहे असे वाटताच त्यांनी पक्षाची ओढ बाजूस सारली.

ब्रिटनमध्ये नियमांची वाण कधीच नव्हती. १६९५ चा ठराव पुरेसा स्पष्ट होता. वाण होती ती त्याची आठवण ठेवणाऱ्यांची. ज्या ज्या वेळी एखादा बातमीदार, एखादा न्यायाधीश वा मतपेटीपुढे उभा असलेला साधा नागरिक यांना ती आठवण झाली, त्या त्या वेळी तो ठराव पुन्हा जिवंत झाला. आपल्या प्रतिनिधीने सभागृहात विचारलेला प्रश्न आपला आहे की कोणी पैसे मोजून विचारविलेला, हे तपासण्याचे काम कोणत्याही देशात मतदाराला दुसऱ्यावर सोपविता येत नाही.