कॉलेज हॉकीचा प्लेऑफ : मोसमातला सर्वांत मोठा सामना, तरी खुर्च्या रिकाम्या का?

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीच्या चाहत्यांमध्ये तीन वाद हमखास रंगतात. एवढा मोठा सामना असून स्टेडियम का भरलं नाही? तिकीट एवढं महाग का? आणि आपला गोलरक्षक उद्या खेळणार की नाही? वाद तीन असले तरी मूळ बरंचसं एकच आहे : या स्पर्धेचे बाद फेरीचे सामने कुठे आणि कसे खेळवले जातात.

आधी एक खुलासा. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी आठवते. अमेरिकेत नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरची, म्हणजे आइस हॉकी. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, म्हणजे पक. बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. बाद फेरीत बरोबरी झाली तर पुढचा गोल होईपर्यंत खेळ चालूच राहतो.

स्पर्धा कशी चालते?

कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था म्हणजे एनसीएए. तिची पुरुषांची पहिली हॉकी स्पर्धा १९४८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला झाली आणि मिशिगन विद्यापीठाने जिंकली. २००३ पासून स्पर्धेत १६ संघ असतात. सहा कॉन्फरन्सचे, म्हणजे सहा गटांचे, विजेते थेट येतात. उरलेल्या दहा जागा गणिती क्रमवारीवर भरल्या जातात. बरीच वर्षं ही क्रमवारी 'पेअरवाइज' नावाची होती. २०२५-२६ च्या मोसमापासून तिची जागा 'एनपीआय' या निर्देशांकाने घेतली.

या १६ संघांची चार शहरांत विभागणी होते. प्रत्येक शहरात चार संघ. एका दिवशी दोन सामने, मग त्यातल्या विजेत्यांचा एक सामना. याला रीजनल म्हणतात. चार रीजनलचे चार विजेते 'फ्रोझन फोर'ला जातात. तिथे गुरुवारी उपांत्य सामने होतात, शनिवारी अंतिम. प्रत्येक टप्प्यावर एकच सामना. हरलात की मोसम संपला.

खरी अडचण रीजनलची आहे. ती शहरं बरीच आधी ठरलेली असतात आणि तिथली स्टेडियम बहुधा कुठल्याच कॉलेजच्या मालकीची नसतात. २०२५ मध्ये रीजनल न्यू हॅम्पशायरमधलं मँचेस्टर, पेनसिल्व्हेनियातलं अॅलनटाउन, ओहायोतलं टोलेडो आणि नॉर्थ डकोटातलं फार्गो इथे झाले. आपला संघ यातल्या कुठल्या गावी जाणार हे चाहत्याला रविवारी कळतं, जेव्हा १६ संघ जाहीर होतात. सामना गुरुवारी किंवा शुक्रवारी. म्हणजे चार-पाच दिवसांत सुट्टी काढायची, विमानाचं किंवा गाडीचं बघायचं, हॉटेल शोधायचं आणि तिकीटही. त्यातून विद्यार्थ्यांना आठवड्यात वर्ग असतात. बॉस्टनहून फार्गो दोन हजार किलोमीटरच्या वर पडतं. हे सगळं जमवणारे थोडेच.

२०१७ चं फार्गो बघा. यजमान होतं नॉर्थ डकोटा विद्यापीठ. त्यांचं गाव ग्रँड फोर्क्स फार्गोपासून सुमारे १३० किलोमीटरवर, त्यामुळे पहिल्या दिवशी घरचीच गर्दी. पण यजमान बॉस्टन विद्यापीठाकडून दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हरले. दुसऱ्या दिवशी फ्रोझन फोरची जागा ठरवणारा सामना बॉस्टन विद्यापीठ आणि मिनेसोटा डुलुथ यांच्यात झाला आणि तोही ओव्हरटाइमपर्यंत गेला. घरचा संघ बाहेर पडल्यावर स्थानिक माणसाला त्या सामन्यात कितीसा रस उरणार?

मग तटस्थ मैदानाचा हट्ट कशाला?

बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. स्टेडियम आधीच ठरलेलं असलं की प्रक्षेपण, हॉटेलं, सुरक्षा सगळं आधी लावता येतं. काही कॉलेजांची स्टेडियम लहान आहेत. २०२५ चा विजेता वेस्टर्न मिशिगन ज्या लॉसन अरीनात खेळतो, तिथे चार हजार माणसंही मावत नाहीत. शिवाय एकाच सामन्यात मोसमाचा फैसला होणार असेल तर तो प्रतिस्पर्ध्याच्या घरी का, हा प्रश्न रास्त आहे.

पण 'तटस्थ' हा शब्द कागदावरच राहतो. यजमान कॉलेज पात्र ठरलं तर त्याला त्याच रीजनलमध्ये ठेवण्याचा नियम आहे, मग त्याचा क्रमांक कितीही खालचा असो. २०१५ मध्ये तर यजमान नसलेल्या संघालाही घर मिळालं. प्रॉव्हिडन्स कॉलेज आपल्या रीजनलमध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होतं आणि ते रीजनल होतं प्रॉव्हिडन्स शहरातच. पहिल्या क्रमांकाच्या मायामी विद्यापीठाला (हे ओहायोतलं मायामी, फ्लोरिडातलं नव्हे) चौथ्या क्रमांकाच्या संघाशी त्याच्याच गावात खेळावं लागलं. मायामी ७-५ ने हरलं आणि पुढे प्रॉव्हिडन्सने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. वर्षभर खेळून मिळवलेल्या पहिल्या क्रमांकाचा मायामीला काय उपयोग झाला, हा सवाल चाहते आजही विचारतात.

पूर्वी असं नव्हतं. १९९० च्या आसपासपर्यंत सुरुवातीच्या फेऱ्या कॅम्पसवर व्हायच्या, आणि एकाऐवजी दोन-तीन सामन्यांच्या मालिकेत. महिलांच्या स्पर्धेत आजही वरच्या क्रमांकाचे संघ सुरुवातीच्या फेऱ्या आपल्या घरी खेळतात, फक्त फ्रोझन फोर ठरलेल्या ठिकाणी होतं. म्हणजे घरच्या बर्फावर राष्ट्रीय स्पर्धा खेळवता येत नाही असं नाही. आपल्याकडे रणजी करंडकातही २०१६-१७ मध्ये सगळे सामने तटस्थ मैदानांवर खेळवून पाहिले होते. पुढच्याच मोसमात घरची मैदानं परत आली.

कॉन्फरन्सच्या प्लेऑफमध्ये मात्र वारं फिरलं आहे. बिग टेन कॉन्फरन्सने २०१४ ते २०१७ स्पर्धा सेंट पॉल आणि डेट्रॉइटच्या मोठ्या स्टेडियमांत आलटून पालटून घेतली, प्रेक्षक आले नाहीत, आणि २०१८ पासून ती कॅम्पसवर नेली. एनसीएचसी या दुसऱ्या तगड्या कॉन्फरन्सनेही २०२६ पासून पूर्ण स्पर्धा कॅम्पसवर घ्यायचं ठरवलं. याला ठळक अपवाद हॉकी ईस्टचा. तिचे शेवटचे सामने बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये होतात आणि तिथे गर्दी होते, कारण बरेच संघ बॉस्टनमधले किंवा गाडीने सहज येण्याच्या अंतरावरचे आहेत. हॉकीचं वेड कमी झालंय असं नाही, माणसं अंतराला कंटाळतात.

जाहीर आकडा आणि खरी माणसं

गर्दीवर वाद घालताना लोक स्टेडियमचा फोटो टाकतात आणि खाली जाहीर झालेला आकडा लिहितात. दोन्ही जुळत नाहीत, मग एकमेकांना खोटं ठरवणं सुरू. खरं तर अमेरिकेत जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या बहुतेक वेळा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची असते, दारातून आत आलेल्या माणसांची नव्हे. तिकीट घेऊन कोणी आलंच नाही तरी ते मोजलं जातं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मिशिगनचं. ११ डिसेंबर २०१० रोजी मिशिगन आणि मिशिगन स्टेट यांचा सामना मिशिगनच्या प्रचंड फुटबॉल स्टेडियमवर उघड्यावर झाला. जाहीर आकडा होता १,१३,४११. गिनीजने तपासून नोंदवलेला आकडा होता १,०४,१७३. नऊ हजारांचा फरक, आणि तरीही विक्रम! त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर झालेल्या अंतिम सामन्याला ३७ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. बॉस्टन कॉलेजने विस्कॉन्सिनला ५-० ने हरवलं. म्हणून 'कॉलेज हॉकी कोणी बघत नाही' असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. नॉर्थ डकोटाच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये अकरा हजारांवर माणसं मावतात आणि ते साध्या शनिवारीही भरतं.

तिकिटाचं गणित

कॅम्पसवर विद्यार्थ्याला पास असतो किंवा अगदी स्वस्तात आत जाता येतं. रीजनलला तो पास चालत नाही. तिकीट स्टेडियम विकतं, वर ऑनलाइन विक्रीचं शुल्क, आणि पुष्कळदा तिन्ही सामन्यांचं एकत्रित तिकीट आधी विक्रीला येतं. आपला संघ पहिल्याच दिवशी हरला तर तिसऱ्या सामन्याचे पैसे गेले, नाहीतर पडेल भावात कोणाला तरी विकायचे.

फ्रोझन फोरचं उलट आहे. त्याची तिकिटं संघ ठरण्याच्या कितीतरी आधी विकली जातात. घेणाऱ्यांत दरवर्षी न चुकता येणारे जुने शौकीन खूप असतात. कुठल्याही कॉलेजची जर्सी घालून ते हजर. गुरुवारी दोन संघ बाहेर पडले की त्यांच्या चाहत्यांकडची शनिवारची तिकिटं बाजारात येतात आणि भाव अनेकदा उतरतो. थांबायची तयारी असेल तर तेव्हा घ्यावं. आपलाच संघ अंतिम फेरीत गेला तर मात्र हा जुगार महाग पडू शकतो.

दुखापत : एका सामन्याची किंमत

सात सामन्यांची मालिका असेल तर एखादा खेळाडू दोन सामने बाहेर बसूनही संघ सावरतो. इथे ती सोय नाही. शिवाय हॉकीत गोलरक्षक बहुधा पूर्ण ६० मिनिटं एकच असतो. तो गेला की सगळी योजना बदलते. म्हणूनच प्रशिक्षक काही सांगत नाहीत. 'अप्पर बॉडी' म्हणजे कमरेच्या वर कुठेतरी, 'लोअर बॉडी' म्हणजे खाली. बस्स. मनगट दुखतंय असं सांगितलं तर समोरचा संघ मनगटावरच काठी मारेल, अशी भीती असते. ती खोटी नाही. त्यामुळे 'अमुक खेळाडू सरावाला दिसला नाही' एवढ्यावर चाहते रात्रभर तर्क लढवतात. सामन्याआधी जाहीर होणारी खेळाडूंची यादी हाती येईपर्यंत अशा बातम्यांवर फार भरवसा ठेवू नये. एक गोष्ट ध्यानात असावी : क्रमवारीचं गणित दुखापत बघत नाही. मुख्य गोलरक्षक नसताना झालेला पराभवही पूर्ण पराभवच मोजला जातो.

२०२१ च्या एकाच स्पर्धेत याचे सगळे प्रकार दिसले. फार्गोला मिनेसोटा डुलुथ आणि नॉर्थ डकोटा यांचा सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत चालला. १४२ मिनिटं १३ सेकंद, या स्पर्धेतला सर्वांत लांबलेला सामना. डुलुथचा गोलरक्षक झॅक स्टेस्कल याचे पाय अखेर गोळ्यांनी आखडले, त्याला बाहेर जावं लागलं, आणि थंड बसलेल्या रायन फँटीला थेट मरणाच्या ओव्हरटाइममध्ये उतरावं लागलं. डुलुथ ३-२ ने जिंकलं. तिकडे सेंट क्लाउड स्टेटने बॉस्टन कॉलेजला हरवून फ्रोझन फोर गाठलं, पण त्याच सामन्यात त्यांच्या ईस्टन ब्रॉडझिन्स्कीचा पाय मोडला. उपांत्य फेरीत मॅसॅच्युसेट्सचा मुख्य गोलरक्षक फिलिप लिंडबर्ग आणि आघाडीचा गोल करणारा कार्सन गिसेविच कोविडच्या संपर्क नियमांमुळे बाहेर होते. मॅट मरेने गोल सांभाळला आणि संघ डुलुथविरुद्ध ओव्हरटाइममध्ये ३-२ ने जिंकला. अंतिम सामन्यात लिंडबर्ग परतला, एकही गोल होऊ दिला नाही, आणि ५-० ने पहिलं विजेतेपद आलं. ब्रॉडझिन्स्कीविना खेळणारं सेंट क्लाउड समोर होतं.

डोक्याला मार बसला असेल तर निर्णय प्रशिक्षकाच्या हातात नसतो. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळू शकत नाही, आणि नंतरही डॉक्टरांच्या परवानगीनेच टप्प्याटप्प्याने परततो. 'फायनल आहे, उतरवा की त्याला' असं लिहिणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. चेहऱ्याबाबत कॉलेज हॉकी व्यावसायिक हॉकीपेक्षा कडक आहे : इथे पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच सक्तीची, तर एनएचएलमध्ये अर्ध्या काचेवर भागतं.

तरी सगळं टळत नाही. २० ऑक्टोबर १९९५ रोजी बॉस्टन विद्यापीठाचा ट्रॅव्हिस रॉय कॉलेजमधला आपला पहिला सामना खेळायला उतरला. अकराव्या सेकंदाला प्रतिस्पर्ध्याला अडवायला गेला आणि डोक्यावर कडेच्या फळ्यांवर आदळला. मानेचा मणका मोडला, आणि तो कायमचा व्हीलचेअरवर आला. त्याने पुढे मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी संस्था काढली. २०२० मध्ये तो गेला. त्याचा २४ क्रमांक विद्यापीठाने निवृत्त केला आहे.

सध्या चर्चा गळ्याच्या संरक्षणाची आहे आणि ती पुन्हा फार्गोशी जोडलेली आहे. २०१७ च्या त्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोल मारून डुलुथला फ्रोझन फोरमध्ये नेणारा खेळाडू होता अॅडम जॉन्सन. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमध्ये शेफिल्डला, नॉटिंगहॅम पँथर्सकडून खेळताना दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचं पातं गळ्याला लागून त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर यूएसए हॉकी या संस्थेने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या शालेय वयाच्या आणि ज्युनिअर खेळाडूंना गळ्याची पट्टी सक्तीची केली. कॉलेजचे संघ आपले नवे खेळाडू मुख्यतः त्याच ज्युनिअर संघांमधून घेतात.