समजात अवयव

वेगवेगळ्या सजीवांतील, काम वेगळे असूनही मूळ रचना सारखी असलेले अवयव. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पुढचा पर यांत दंडाचे एक हाड, त्यापुढे दोन हाडे, मग मनगटाची लहान हाडे आणि बोटे हाच क्रम आढळतो. वटवाघळात बोटे विलक्षण लांब होऊन त्यांवर कातडीचा पडदा ताणलेला असतो; घोडा एकाच बोटाच्या टोकावर उभा राहतो. रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये या साम्याची व्याख्या केली. त्याचे कारण समान पूर्वज हे आहे, अशी मांडणी चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये केली. फुलपाखराचा पंख उडण्याचेच काम करतो, पण त्यात हाडे नाहीत. ते साम्य वरवरचे.

समान पूर्वजाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र गैरसोयीच्या रचनेत सापडतो. जिराफाच्या स्वरयंत्राकडे जाणारी डावी तंत्रिका मेंदूपासून थेट तिथे न जाता मानेतून छातीत उतरते, महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढते. काही सेंटिमीटरांच्या अंतरासाठी हा कित्येक मीटरांचा फेरा. माशांत हीच तंत्रिका कल्ल्यांच्या रक्तवाहिन्यांमागून सरळ जाते. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकले आणि तंत्रिका रक्तवाहिनीमागेच अडकून राहिली. माणसातही हा वळसा आहेच.

जनुकांतही असेच अवशेष दिसतात: क जीवनसत्त्व बनवणाऱ्या एका जनुकाचे निकामी तुकडे माणूस आणि चिंपँझी या दोघांतही आहेत.