पावसाळी बेटावरील परसबाग: सल्ल्याच्या परंपरेचा इतिहास

ब्रिटनमधील घरगुती बागेचा इतिहास बहुतेक वेळा फुलांच्या जाती, उमरावांचे विस्तीर्ण बगीचे आणि परदेशांतून आणलेली रोपे यांच्या अंगाने लिहिला जातो. मात्र सामान्य माणसाने दुसऱ्या सामान्य माणसाला रोपांविषयी प्रश्न विचारण्याची आणि त्या प्रश्नाचे जाहीर उत्तर मिळण्याची जी परंपरा त्या देशात रुजली, तिचा इतिहास तितकाच महत्त्वाचा असून त्याचे मूळ तेथील हवामानात आहे. हे बेट उत्तरेस ५० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे कॅनडातील गोठलेल्या लॅब्राडॉरच्या रेषेत येत असले, तरी अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाह आणि त्यावरून वाहणारे पश्चिमी वारे यांमुळे तेथील हिवाळा सौम्य, उन्हाळा मवाळ आणि हवा वर्षभर ओलसर राहते. लंडनचा वार्षिक पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही थोडा कमीच असतो; परंतु पुण्याचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, तर लंडनचा पाऊस बाराही महिन्यांत थोडाथोडा वाटला जातो, आणि या एका फरकाने दोन्हीकडच्या बागायतीचे स्वरूपच निराळे केले आहे.

मोसमी पावसाच्या प्रदेशात मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांवर पेरणीचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज चुकला तरी चुकण्याला एक मर्यादा असते. ब्रिटनमध्ये अशी कोणतीही ठळक सीमारेषा नाही. मार्चमध्ये ऊन पडून माती कोमट होते आणि मे महिन्यातील एखाद्या रात्री दव गोठून घेवड्याची कोवळी रोपे काळी पडतात; जुलैमध्ये आठवडाभर झिमझिम लागली की बटाट्याची पाने डागाळतात; चिकणमातीच्या जमिनीत पाण्याचा निचरा न झाल्यामुळे हिवाळ्यात मुळे कुजतात, हिरवळीत गवताऐवजी शेवाळ माजते आणि शंख नसलेल्या गोगलगाई रात्रीतून कोबीचा वाफा फस्त करतात. ज्या हवामानाने जवळजवळ प्रत्येक घराला हिरवी बाग शक्य करून दिली, त्याच हवामानाने त्या बागेतील कोणतेही काम ठरावीक तारखेला करणे अशक्य केले, आणि म्हणून छापील पंचांगाने न सुटणारा प्रश्न दर आठवड्याला नव्याने विचारावा लागला.

पंचांग करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. जॉन एव्हलिन यांनी १६६४ मध्ये कालेंडेरियम हॉर्टेन्से या नावाने महिनावार कामांची यादी प्रसिद्ध केली, आणि लंडनमधील चेल्सी औषधी वनस्पती उद्यानाचे प्रमुख फिलिप मिलर यांनी १७३१ मध्ये बागकामाचा जो कोश काढला, तो पुढे अनेक आवृत्त्यांमधून वाढत गेला. तथापि हे ग्रंथ ज्यांच्याकडे जमीन, नोकर आणि पैसा होता त्यांच्यासाठी होते. मार्च १८०४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातील हॅचर्ड्स या पुस्तकांच्या दुकानात जॉन वेजवूड, सर जोसेफ बँक्स आदींनी मिळून जी उद्यानविद्या संस्था स्थापन केली आणि जिला १८६१ मध्ये राजाश्रयाचे नाव मिळून ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाली, तिचेही आरंभीचे सदस्य धनिक, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि राजघराण्याचे उद्यानपाल असेच होते.

ही चौकट मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने जॉन क्लॉडियस लाउडन या स्कॉटिश लेखकाला द्यावे लागते. त्यांनी १८२६ मध्ये सुरू केलेल्या गार्डनर्स मॅगझिन या नियतकालिकात देशभरातील माळ्यांची पत्रे आणि वाचकांचे प्रश्न छापले जात, त्यांना इतर वाचक उत्तरे देत, आणि एखाद्या बड्या बागेतील पगारी माळ्याचा अनुभव प्रथमच त्याच्या नावानिशी विद्वानांच्या लेखाशेजारी बसू लागला. १८३८ मध्ये लाउडन यांनी उपनगरातील लहान घरांच्या बागांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या पत्नी जेन लाउडन विवाहापूर्वी कादंबरीकार होत्या आणि बागकाम त्या विवाहानंतर शिकल्या. १८४० मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्यात नवख्या माणसाला नेमके काय अडते याची जाण दिसते, आणि तज्ज्ञाच्या लेखनात ही जाण क्वचितच आढळते.

या परंपरेची सर्वांत कठोर परीक्षा १८४५ मध्ये झाली. जोसेफ पॅक्स्टन, वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४१ मध्ये गार्डनर्स क्रॉनिकल हे साप्ताहिक सुरू केले होते. १८४५ च्या ओल्या उन्हाळ्यात बटाट्यावर एक अनोळखी रोग पडल्याच्या वार्ता या साप्ताहिकाकडे येऊ लागल्या, आणि १३ सप्टेंबरच्या अंकात लिंडली यांनी छपाई थांबवून हा रोग आयर्लंडमध्ये पोहोचल्याचे वृत्त दिले. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात तोच हा रोग: फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जीवामुळे तो होतो, पानांवर ओल टिकून राहिली की झपाट्याने पसरतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर बीजाणू जमिनीत उतरल्याने कंदही कुजवतो. लिंडली यांचे मत मात्र असे होते की अतिवृष्टीमुळे झाडात पाणी साठून ते कुजत आहे आणि पानांवरील बुरशी हा त्या कुजण्याचा परिणाम आहे. नॉर्दम्प्टनशायरमधील धर्मोपदेशक आणि बुरशींचे अभ्यासक माइल्स जोसेफ बर्कली यांनी १८४६ मध्ये याच्या नेमके उलट, म्हणजे बुरशी हेच रोगाचे कारण असल्याचे मांडले; परंतु ते मत तेव्हा अल्पमतात राहिले आणि पुढे आंटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. दरम्यान लिंडली, लायन प्लेफेअर आणि रॉबर्ट केन यांच्या सरकारी आयोगाने आयर्लंडमधील शेतकऱ्यांना बटाटे कोरडे करून हवेशीर खड्ड्यांत साठवण्याचा सल्ला पत्रकांद्वारे वाटला. रोगाचे कारणच चुकीचे धरलेले असल्यामुळे तो सल्ला निरुपयोगी ठरला. पुढील वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसे भूक आणि साथींनी मेली. त्या मृत्यूंना शेतीच्या अज्ञानापेक्षा जमीनधारणेची पद्धत आणि सरकारी धोरण अधिक जबाबदार होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही बागकामाचा सल्ला निरीक्षणापुढे धावला तर तो किती पोकळ ठरतो, याचे याहून दुःखद उदाहरण या इतिहासात नाही. करप्यावरील पहिला खात्रीचा उपाय १८८५ नंतर फ्रान्समधून आला. मोरचूद आणि चुना यांचे ते बोर्डो मिश्रण नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या आजही नित्य परिचयाचे आहे.

१८४८ मध्ये जॉर्ज विल्यम जॉन्सन यांनी कॉटेज गार्डनर हे स्वस्त साप्ताहिक काढले. जॉन्सन त्यापूर्वी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात अध्यापक होते. याच काळात ब्रिटिश सल्ला भारतातही येऊ लागला होता, आणि येथे तो जसाच्या तसा लागू पडत नाही हे लवकरच उघड झाले. बंगालसाठी फर्मिंजर यांनी १८६३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका लिहिली, तर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि गणेशखिंड उद्यानाची देखरेख करणारे मार्शल वुड्रो यांनी पश्चिम भारताच्या अनुभवावर आपले पुस्तक रचले. जो कोबी इंग्लंडमध्ये वसंतात पेरावा, तो दख्खनमध्ये पावसाळा सरताना पेरावा लागतो, एवढा एकच बदलसुद्धा इंग्रजी पंचांग निकामी करण्यास पुरेसा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न विचारणारा वर्ग बदलला. सामाईक कुरणे खाजगी मालकीत गेल्याने भूमिहीन झालेल्या आणि कारखान्यांच्या गावांत दाटीने राहणाऱ्या मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा नाममात्र भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली, आणि १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे तुकडे पुरवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. ॲलॉटमेंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्याचे रूढ माप १० रॉड, म्हणजे आपल्याकडील अडीच गुंठे. शेजारीशेजारी लागलेल्या अशा तुकड्यांवर बटाटा, कांदा, कोबी आणि घेवडा यांविषयी कुंपणापलीकडून होणारी विचारपूस ही या परंपरेची सर्वांत मोठी शाळा होती, जरी तिची कागदोपत्री नोंद फारशी उरलेली नाही.

नभोवाणीने हा आवाज घराघरांत नेला. नॉर्दम्प्टनशायरमधील एका जमीनदारी बागेच्या मुख्य माळ्याचे पुत्र असलेले सी. एच. मिडल्टन १९३० च्या दशकात बीबीसीवर बागकामाविषयी बोलू लागले. त्यांची शैली उपदेशाची नसून शेजाऱ्याची होती, आणि दुसऱ्या महायुद्धात, अन्नाची आयात धोक्यात आल्यावर ऑक्टोबर १९३९ मध्ये सरकारने घरोघरी भाजी पिकवण्याची मोहीम पुकारली तेव्हा रविवारच्या त्यांच्या भाषणाला ३० लाखांहून अधिक श्रोते लाभले. युद्धकाळात ॲलॉटमेंटची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. सप्टेंबर १९४५ मध्ये, युद्ध संपताच, मिडल्टन यांचे निधन झाले. युद्धापूर्वी आणखी एक मोलाची गोष्ट घडली होती, जिचा उल्लेख होतो त्यापेक्षा अधिक व्हायला हवा: जॉन इनिस उद्यानविद्या संस्थेतील विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात प्रयोगांती असे ठरवले की वाफेने निर्जंतुक केलेली पोयट्याची माती सात भाग, पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचलेले अर्धवट कुजलेले शेवाळ तीन भाग आणि जाड वाळू दोन भाग घेऊन त्यात प्रमाणशीर खत मिसळले, तर कुंडीतील बहुतेक रोपे निरोगी वाढतात. संस्थेने हे सूत्र सर्वांसाठी खुले केले, आणि तोवर प्रत्येक माळी स्वतःचे गुपित म्हणून जपत असलेले कुंडीच्या मातीचे मिश्रण सार्वजनिक झाले.

९ एप्रिल १९४७ रोजी लँकेशायरमधील ॲश्टन-अंडर-लाइन येथील ब्रॉडोक हॉटेलात, स्थानिक ॲलॉटमेंटधारकांसमोर, बीबीसीचे निर्माते रॉबर्ट स्टेड यांनी चार जाणकारांना बसवून प्रश्नोत्तरांचा पहिला कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला, आणि तोच पुढे गार्डनर्स क्वेश्चन टाइम या नावाने प्रसिद्ध पावला. त्यातील बिल सोअरबट्स हे त्याच गावचे भाजी उत्पादक, फ्रेड लोड्स हे मुरलेले माळी, आणि १९५० मध्ये त्यांना येऊन मिळालेले ॲलन गेमेल हे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. अनुभव आणि प्रयोगशाळा यांच्यात श्रोत्यांदेखत मतभेद व्हावेत आणि कोणालाही अखेरचा शब्द मिळू नये, ही या कार्यक्रमाची रचना शंभर वर्षांपूर्वीच्या लिंडली-बर्कली वादाच्या तुलनेत कितीतरी निकोप होती. १९४७ मध्येच ए. बोमाँट यांनी करप्याचा अंदाज देणारा नियम मांडला: सलग ४८ तास तापमान किमान १० अंश सेल्सिअस आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के किंवा अधिक राहिली, तर करपा येण्याची शक्यता धरावी. १९५६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये हा नियम सुधारला गेला. पाऊस नेमका कधी घातक होतो, या जुन्या प्रश्नाला अशा प्रकारे मोजता येणारे उत्तर मिळाले.

अलीकडच्या काळात उत्तरांची दिशाही बदलली आहे. गोगलगाईंसाठी अनेक दशके शिफारस केल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, पक्षी आणि लहान सस्तन प्राणी दगावत असल्यामुळे, २०२२ पासून ब्रिटनमध्ये उघड्यावर वापरण्यास बंदी आली. त्याच वर्षी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने गोगलगाईंना यापुढे कीड म्हणून न गणण्याचा निर्णय जाहीर केला, कारण त्यांच्या बहुसंख्य जाती जिवंत रोपांना इजा करत नाहीत आणि कुजका पालापाचोळा खाऊन मातीला उपयोगी पडतात. १९४७ चा तो कार्यक्रम आजही बीबीसी रेडिओ ४ वरून दर आठवड्याला प्रसारित होतो, आणि गोगलगाईंचा प्रश्न त्यात अजूनही विचारला जातो.