तळटीप : नाशिकची बिनविरोध जागा

१. इंदिरानगरचे आजचे मतदार ज्या नाशिक लोकसभा मतदारसंघात मोडतात, तिथली ही १९६३ची पोटनिवडणूक. चीन युद्धाच्या धामधुमीत, नोव्हेंबर १९६२मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले आणि लोकसभेवर येथूनच बिनविरोध निवडून गेले. लेखक तेवढ्यावरच थांबतात, ते अपुरे आहे. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १९५७मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत याच नाशिकने काँग्रेसला नाकारले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड तेव्हा खासदार झाले. १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे हेच बिनीचे शिलेदार. त्यांचे नाव गाळले, की नाशिक सुरुवातीपासून काँग्रेसचा बालेकिल्ला होते असा चुकीचा समज होतो. – संपा.