हुद्दा, सही आणि वही

शिफारसपत्र म्हटलं की आपल्याला आधी वशिला आठवतो. हा संशय अनाठायी नाही. तरीही या पत्राचा इतिहास पाहता, गुणपत्रिकेत न मावणारी गुणवत्ता ओळखून ती पुढे पोचवण्याचं काम त्यानं केलेलं दिसतं. आणि त्याला वजन आलं ते सही करणाऱ्याच्या हुद्द्यापेक्षा त्यानं स्वतः पाहिलेल्या कामामुळे. श्रीनिवास रामानुजन यांचं उदाहरण घ्या. गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्यामुळे त्यांच्याकडे पदवी नव्हती. १९१२च्या फेब्रुवारीत त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनीसाठी अर्ज केला, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं पत्र सोबत जोडलं. संख्यांच्या कामात या तरुणाची असाधारण गती आहे आणि आकडेमोडीत तो फार तरबेज आहे, एवढंच त्यात होतं. हिशेबाच्या कारकुनाबद्दल कचेरीला नेमकं तेवढंच हवं होतं. महिना ३० रुपयांची नोकरी मिळाली.

पुढच्याच वर्षी वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले आणि पोर्ट ट्रस्टचे प्रमुख फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना रामानुजन यांचं काम दाखवलं. वॉकर यांनी विद्यापीठाला लिहिलेलं पत्र मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. केंब्रिजच्या फेलोशी तुलना व्हावी इतकी स्वतंत्र बुद्धी त्यांना त्या कामात दिसली. पण मांडणीत काटेकोरपणा कमी आहे आणि गणिताच्या या शाखा आपल्या विशेष अभ्यासाच्या नाहीत, हेही त्यांनी लिहून टाकलं. मग मागणी केली ती एवढीच, की या माणसाला पोटापाण्याची चिंता न करता काही वर्षं गणित करू द्यावं. आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगणाऱ्या माणसाच्या स्तुतीवर विश्वास बसतो. मद्रास विद्यापीठानं पदवी नसलेल्या या कारकुनाला महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली.

यावर आक्षेप असा, की वॉकरपर्यंत रामानुजन यांची गणिताची वही पोचायलाही आधी ओळखी लागल्याच. ते खरं आहे. रामानुजन यांच्यामागे शिकलेल्या, सरकारी हुद्द्यांवरच्या मद्रासी ब्राह्मणांची साखळी होती आणि ती प्रत्येक हुशार मुलाच्या वाट्याला येत नव्हती. पण ओळखीनं वही फक्त टेबलावर ठेवली, निर्णय वहीतल्या गणितानं झाला. जन्मानं अशी कोणतीही साखळी न लाभलेल्या डॉ. आंबेडकरांना कोलंबियाचे प्राध्यापक सेलिगमन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांच्या नावे पत्र दिलं, ते तीन वर्षं त्यांचा अभ्यास जवळून पाहिल्यावर. पुढे आंबेडकरांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावनाही सेलिगमन यांचीच आहे. केवळ गुणांवर निवड करावी असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की त्या न्यायानं रामानुजन बाहेरच राहिले असते.

आज परदेशी प्रवेशासाठी विद्यार्थी प्राध्यापकांना ईमेल करतात, तेव्हा बहुधा विभागप्रमुखाचं मोठं नाव आधी शोधतात. त्याऐवजी ज्यांनी प्रकल्प तपासला, वर्गातले प्रश्न ऐकले, चुका दुरुस्त केल्या, त्या शिक्षकांना लिहावं. मुदतीच्या पुरेसं आधी लिहावं, सोबत आपला निबंध वा प्रकल्प जोडावा आणि या कामाबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं लिहिता येईल का, असं सरळ विचारावं. प्राध्यापकांनी नकार दिला तर तो निमूटपणे स्वीकारून दुसऱ्या शिक्षकांकडे जावं.