निबर कणा

मराठीत कण्याची स्तुती करायला ‘ताठ’ हा एक शब्द पुरतो. ताठ कण्याचा माणूस कुणापुढं वाकत नाही. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवट तालुक्यात, मला मात्र या शब्दाची धास्ती वाटते. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की कणा खरोखरच ताठ होतो. खाली पडलेलं उचलणं जड जातं, मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागतं.

एक्स-रेत कमरेचे मणके आणि खुब्याची हाडं नेहमीपेक्षा पांढरी दिसतात. रिपोर्टात शब्द येतो ‘स्क्लेरोसिस’. ग्रीक ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण. कारण काय, ते हा शब्द सांगत नाही. चकती झिजली असेल, हाडात निरुपद्रवी ठिपका असेल, प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला असेल किंवा फ्लोराइड असेल. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. मराठीत ‘हाडाची घनता वाढली’ असं सांगितलं जातं आणि घोटाळा तिथंच होतो. घन म्हणजे भरीव, भरीव म्हणजे मजबूत, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मी इथं ‘निबर’ म्हणेन. भेंडी निबर झाली म्हणून तिला कुणी कसदार म्हणत नाही. फ्लोराइड हाडातल्या खनिजात शिरून बसतं, हाड जाड होतं, पण ठिसूळही होतं. सांधे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांतही चुना साचतो.

‘मणका’ हा शब्द यापेक्षा शहाणा आहे. मणी, मणका: सुटे दाणे, म्हणून माळ वळते. फ्लोराइडनं हे दाणे एकमेकांना चिकटतात आणि मग माळ उरत नाही, काठी होते. मज्जारज्जूची वाट अरुंद झाली तर पायांतलं बळही जातं.

दैव असं, की फ्लोराइडचं नाव लॅटिन ‘फ्लुएरे’वरून आलं, म्हणजे वाहणे. फ्लोरस्पार हा खडा भट्टीत टाकला की धातुकाचा रस पातळ होऊन वाहू लागे. वाहण्यावरून नाव पडलेल्या पदार्थानं माणसाला जागच्या जागी खिळवावं! भारतात या हाडांच्या आजाराची नोंद १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरकडच्या रुग्णांवरून झाली.

आपल्याकडं १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव हापसे आले. आड आटले तशी बोअर खोल गेली. खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून ते जात नाही; उलट आटलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.