हृदयाभोवतीचं पाणी

अकोला-अमरावतीकडे कुणाच्या ‘हृदयाभोवती पाणी झालंय’ म्हटलं, की डॉक्टरांचा पहिला संशय क्षयरोगावर जातो. त्यात चूक नाही, आपल्या देशात या पाण्याचं मोठं कारण तेच आहे. पण अगदी क्वचित त्यामागे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उपजलेली गाठ असते. हृदयातल्या गाठी जिवंत माणसात ओळखायला वैद्यकाला जवळजवळ चारशे वर्षं लागली.

१५५९ साली इटलीच्या रेआल्दो कोलोम्बोने हृदयातल्या गाठीची नोंद केली, ती शवविच्छेदनातली. पुढेही तेच चाललं. माणूस गेल्यावर निदान. १९३४ साली बार्न्स आणि सहकाऱ्यांनी ईसीजी आणि शरीरात पसरलेल्या गाठीचा तुकडा तपासून जिवंत रुग्णात हृदयाचा कर्करोग ओळखला. तरी तेव्हा हृदयातली मूळ गाठ प्रत्यक्ष दिसली नव्हती.

ध्वनिलहरींनी ती पाहण्याची वाट उघडली जहाजांच्या कारखान्यातल्या यंत्रामुळे. १९५३ साली स्वीडनमध्ये इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र हृदयावर लावून पाहिलं. सहाच वर्षांत जर्मनीत एफर्ट आणि डोमानिग यांनी याच पद्धतीने हृदयाच्या कप्प्यातली गाठ ओळखली. आजचा ‘टू-डी इको’ त्याच घराण्यातला.

तरीही अँजिओसार्कोमा हा कर्करोग चकवतो. तो बहुधा उजव्या वरच्या कप्प्यात वाढतो आणि हृदयाच्या आवरणात रक्त झिरपवतो. पाणी काढलं की दम कमी होतो, काही दिवसांनी ते पुन्हा भरतं. काढलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा सापडतच नाहीत. इकोतही गाठ निसटू शकते. मग सीटी, एमआरआय आणि शेवटी तुकडा. हिमँजिओमा ही गाठही रक्तवाहिन्यांचीच, पण साधी. शस्त्रक्रियेने काढता आली तर माणूस बरा होतो. म्हणून नुसतं ‘गाठ आहे’ कळून भागत नाही.

वऱ्हाडात हा प्रवास अंतराचाही आहे. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेज १९४७ साली आलं, अकोल्याला २००२ साली. आज इको दोन्ही शहरांत होतो. पण अशी गाठ काढायला अनेकांना अजूनही नागपूर किंवा मुंबईची गाडी धरावी लागते. अशा वेळी घरच्यांनी जपून ठेवलेली जुन्या रिपोर्टांची फाइल फार कामाची असते. पाणी कधी काढलं, किती निघालं, रंग कसा होता, परत कधी भरलं, हे तिच्यात असतं. औषध चालू असूनही पाणी परत येत असेल, तर पुढच्या डॉक्टरच्या मनात दुसरा संशय त्याच पानांवरून जागा होतो.